निकालपत्रकात नसलेला रकाना

झुंजीच्या रात्रीचा निकाल चार रकान्यांत मावतो. कोण जिंकला, कोण हरला, कोणत्या प्रकाराने, आणि कितव्या फेरीत. शांघाय येथे २५ नोव्हेंबर २०१७ रोजी झालेल्या मिश्र मार्शल आर्टच्या रात्रीचे निकालपत्रक असेच आहे. अमेरिकेतील यूएफसी ह्या कंपनीने चीनच्या मुख्य भूमीवर भरविलेला तो पहिला कार्यक्रम. त्या पत्रकातील एका ओळीपाशी मराठी वाचकाने थांबावे: सॉंग यादोंग विजयी, भरत खंडारे पराभूत, गिलोटिन नावाची गळा आवळण्याची पकड, पहिली फेरी. खंडारे हे कुस्तीतून आलेले महाराष्ट्राचे मल्ल. भारतात राहून तयार झालेला आणि ह्या कंपनीचा करार मिळविणारा पहिला लढवय्या म्हणून त्या वर्षी वृत्तपत्रांनी त्यांचे कौतुक केले होते. समोरच्या चिनी मुलाला त्या दिवशी वीस वर्षेही पुरी झाली नव्हती. पाच मिनिटांची फेरी संपण्याआधीच गळा आवळला गेला, शरणागती द्यावी लागली, आणि कौतुक करणाऱ्या वृत्तपत्रांनी दुसऱ्या दिवशी चार ओळींत विषय आटोपला.

त्याच रात्रीची मुख्य झुंज इंग्लंडचा मायकेल बिस्पिंग आणि अमेरिकेचा केल्विन गॅस्टेलम यांच्यात झाली. बिस्पिंग तेव्हा अडतीस वर्षांचा होता. तीनच आठवड्यांपूर्वी, ४ नोव्हेंबरला, न्यूयॉर्कमध्ये त्याचे विजेतेपद गेले होते, आणि तेही गळा आवळला जाऊन शुद्ध हरपेपर्यंत. शांघायसाठी मुळात ठरलेला अँडरसन सिल्वा उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीत अडकला. तिकिटे विकायची होती, प्रक्षेपणाची वेळ ठरलेली होती, जाहिरातीवर एका चेहऱ्याची जागा रिकामी पडली होती. त्या जागेवर बिस्पिंग उभा राहिला आणि पहिल्याच फेरीत ठोसा खाऊन कोसळला. ह्या माणसाचा एक डोळा आधीच्या झुंजींतील इजेने निकामी झाला होता आणि तशा स्थितीत तो वर्षानुवर्षे लढत राहिला, ही गोष्ट पुढे त्याने स्वतःच जाहीर केली. निकालपत्रकात ह्यांपैकी काही नाही. तेथे फक्त ‘ठोशाने बाद, पहिली फेरी’ एवढेच आहे.

निकालपत्रकात पाचवा एक रकाना असावयास हवा होता. मजुरीचा. तो छापत नाहीत, कारण तो छापला तर बाकीच्या चार रकान्यांचा अर्थ बदलतो. ह्या धंद्यात नवख्या लढवय्याचा मेहनताना साधारणतः दोन समान भागांत ठरतो. एक भाग पिंजऱ्यात उतरल्याबद्दल, दुसरा जिंकल्याबद्दल. हरलेल्याला दुसरा भाग मिळत नाही. म्हणजे पंचाने ज्याचा हात वर केला नाही, त्याची अर्धी मजुरी त्या क्षणी कापली गेली. उरलेल्या अर्ध्यातून शिक्षकाचा वाटा, सरावाच्या जोडीदारांचा खर्च, दोनअडीच महिन्यांचा खुराक आणि कर ज्याचा त्याने भागवायचा. शेतात उक्ते काम घेणाऱ्या मजुरालाही एवढी तरी खात्री असते की कापूस वेचून झाला की वजनाप्रमाणे पैसे पदरात पडतील. शेजारच्या सरीतल्या मजुराने जास्त वेचला म्हणून ह्याचे अर्धे पैसे कोणी कापत नाही.

कंपनीच्या कागदावर हा माणूस कामगार नाही. तो ‘स्वतंत्र कंत्राटदार’ आहे. ह्या शब्दातील ‘स्वतंत्र’ हे विशेषण नीट तपासून पाहण्याजोगे आहे. करार चालू असेपर्यंत त्याला दुसऱ्या कंपनीच्या पिंजऱ्यात उतरता येत नाही. प्रतिस्पर्धी, तारीख आणि शहर कंपनी सुचविते. नकार देण्याचा हक्क कागदावर असतो, परंतु नकार देणाऱ्याला पुढची झुंज केव्हा मिळेल हे कंपनीच ठरविते. २०१५ पासून यूएफसीने एका कापड कंपनीशी सौदा करून सर्वांना एकच गणवेश दिला आणि लढवय्यांनी आपापल्या चड्डीवर लावून आणलेल्या जाहिराती बंद पाडल्या. अनेकांचे घर त्या किरकोळ जाहिरातींवर चालत होते. एवढे सारे बंधन घातल्यावरही तो नोकर नाही, म्हणून त्याला भविष्य निर्वाह निधी नाही, निवृत्तिवेतन नाही, आणि संघटनेशी वाटाघाटी करण्याचे बंधन कंपनीवर नाही. मालकीचे सारे हक्क ठेवून मालकाची एकही जबाबदारी न घेण्याची ही युक्ती आता भारतातही चांगलीच रुजली आहे. दुचाकीवरून घरोघर जेवण पोहोचविणाऱ्या मुलाला कंपनी ‘भागीदार’ म्हणते, ती हीच.

ह्यावर असे म्हणणारे लोक आहेत की हा दोन प्रौढांनी समजून उमजून केलेला सौदा आहे. कोणी कोणाला ओढून पिंजऱ्यात नेलेले नाही. गिरणीच्या दारात बदली कामगार म्हणून उभे राहणाऱ्या माणसालाही कोणी ओढून नेत नव्हते. त्याला सकाळी तेथे उभे करणारी गोष्ट सौद्याच्या कागदावर लिहिलेली नव्हती, इतकेच. आणि हा सौदा बाजाराच्या नियमांनीही निर्मळ नव्हता, हे अमेरिकेतील न्यायालयात बरेचसे उघड झाले. डिसेंबर २०१४ मध्ये कंग ली आणि इतर लढवय्यांनी यूएफसीवर मक्तेदारीचा दावा लावला. कंपनीने प्रतिस्पर्धी संस्था विकत घेऊन व बंद पाडून, लांबलचक करारांनी माणसे बांधून ठेवून मेहनताना दाबला, असे त्यांचे म्हणणे. ह्या दाव्याच्या ओघात पुढे आले की कंपनीच्या उत्पन्नातील जेमतेम पाचवा हिस्सा, किंवा त्याहूनही कमी, लढणाऱ्यांकडे जात होता. त्याच देशात बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉलच्या खेळाडूंना उत्पन्नाच्या सुमारे निम्मा वाटा मिळतो. बास्केटबॉलपटूंची शरीरे लढवय्यांच्या शरीरांहून मौल्यवान आहेत, असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्याकडे संघटना आहे, हा फरक आहे. दावा दहा वर्षे चालला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ३७ कोटी ५० लाख डॉलरच्या तडजोडीला न्यायालयाने मान्यता दिली. ती रक्कम मोठी वाटते. परंतु ही कंपनी २०१६ मध्ये सुमारे ४०० कोटी डॉलरना विकली गेली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतील केवळ सात वर्षांच्या प्रक्षेपणहक्कांचा तिचा सौदा ७७० कोटी डॉलरचा झाला, हे शेजारी ठेवून ती वाचावी लागते.

मुष्टियोद्ध्यांसाठी अमेरिकेत २००० साली मुहम्मद अली ह्यांच्या नावाने कायदा झाला. झुंज भरविणाऱ्याने आपले उत्पन्न मुष्टियोद्ध्याला सांगितले पाहिजे, जबरदस्तीचे दीर्घ करार करता कामा नयेत, अशा तरतुदी त्यात आहेत. पिंजऱ्यात लढणाऱ्यांना तो कायदा लागू झाला नाही.

भारतात ह्या धंद्याचा पहिला मोठा थाट मुंबईत झाला. ११ मार्च २०१२ रोजी अंधेरीच्या क्रीडा संकुलात सुपर फाइट लीगची पहिली रात्र भरली. भांडवल व नाव उद्योजक राज कुंद्रा आणि अभिनेते संजय दत्त यांचे. मुख्य झुंजीसाठी अमेरिकेचा बॉब सॅप आणि इंग्लंडचा जेम्स थॉम्पसन आणले गेले. दोघेही आपली उमेद मागे टाकून आलेले, परंतु आकाराने अवाढव्य. चित्रपटाच्या पडद्यावर शोभावेत असे. सॅप पहिल्याच फेरीत पायाच्या इजेने शरण गेला. मुंबईकर प्रेक्षकाला कुस्ती कळत नाही, असे त्या आयोजकांना वाटले असावे. चटकदार कुस्तीच्या दोन पकडी पाहून चितपट कोण होणार ते सांगणारी माणसे ह्या शहरात गिरणगावच्या तालमींतून पिढ्यान् पिढ्या राहिली आहेत. त्यांच्यासमोर दोन धिप्पाड परदेशी माणसे दोनएक मिनिटे धडपडली आणि ह्या देशात नव्या खेळाचा उदय झाला म्हणून वाद्ये वाजली. पुढे २०१७ मध्ये त्याच लीगने संघांच्या स्पर्धेचे रूप घेतले. २०१९ मध्ये मुंबईतच अभिनेते टायगर श्रॉफ यांच्या कुटुंबाने मॅट्रिक्स फाइट नाइट सुरू केली. प्रत्येक वेळी पडद्यावरचे एक नाव पुढे आणि लढणाऱ्यांची नावे मागे, ही रचना कायम राहिली.

ह्या सर्व प्रकाराशी शिरपूरचा संबंध काय, असा प्रश्न तालुक्यातील कार्यकर्ता विचारील, आणि तो योग्यच आहे. माघी पौर्णिमेला शिरपुरात खंडेराव महाराजांची यात्रा भरते. अशा यात्रांच्या निमित्ताने खान्देशात गावोगाव कुस्त्यांच्या दंगली होत आल्या आहेत. हलगी कडाडते, फेटे उडतात, लहान मुलांची नारळाची कुस्ती आधी आणि इनामाची मोठी जोड शेवटी. हा प्रदेश कुस्तीच्या नकाशाबाहेरचा नाही. महाराष्ट्र केसरीची स्पर्धा सुरू झाल्यावर दुसऱ्याच वर्षी, १९६२ साली, ती धुळ्याला भरली आणि कोल्हापूरचे भगवान मोरे तेथे केसरी झाले. चाळीसगाव तालुक्यातील सायगावचे विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरी ठरले. शासनाने त्यांना पोलीस उपअधीक्षक केले. ते त्यांनी कमावलेले होते, आणि २०२३ मध्ये कॅनडात जागतिक पोलीस स्पर्धेत सुवर्णपदक मिळवून त्यांनी ते पुन्हा सिद्ध केले.

परंतु केसरीच्या गदेला एकच मूठ असते. त्या गदेपर्यंत पोहोचण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून शेकडो मुले दहादहा वर्षे जोर-बैठका काढतात. त्यांच्यातील एकाला उपअधीक्षकपद मिळते, आणखी काही पोलीस, लष्कर वा रेल्वेत लागतात. बाकीच्यांचे काय होते ह्याची नोंद कोणत्याही क्रीडाखात्याकडे सापडावयाची नाही. मल्लाचा खुराक हे सामान्य शेतकरी कुटुंबाला न पेलणारे ओझे आहे. दूध, बदाम, तूप, मांस, तालमीचे भाडे. बापाने एखादा बिघा गहाण टाकल्याच्या गोष्टी मल्लांच्या चरित्रांतून इतक्या वेळा आल्या आहेत की त्यांचे आता कोणाला काही वाटेनासे झाले आहे. पूर्वी संस्थानिक हा भार उचलीत. शाहू महाराजांनी कोल्हापुरात तालमी पोसल्या आणि खासबागेचे मैदान बांधले. संस्थाने गेल्यावर पश्चिम महाराष्ट्रात काही सहकारी साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन देऊन ती जागा थोडीफार भरली. शिरपूरकडे हाही आधार नव्हता. दहिवदचा सहकारी साखर कारखानाच कित्येक वर्षे बंद राहिला. ज्या कारखान्याला आपल्या सभासदाचा ऊस गाळता आला नाही तो मल्ल काय पोसणार? तेव्हा पंचविशी उलटलेला, गुडघा दुखावलेला, नोकरीची वयोमर्यादा जवळ आलेला एखादा मल्ल मोबाईलवर पिंजऱ्यातल्या झुंजी पाहतो आणि आपल्याला एकेरी पट काढता येतो, माणसाला खाली आणता येते, हे त्याच्या ध्यानात येते, तेव्हा तो काय विचार करील हे सांगावयास समाजशास्त्रज्ञ नको. पिंजऱ्याच्या कंपन्यांनाही हे कळते. कुस्तीतून आलेला माणूस त्यांना अर्धा तयार मिळतो. त्याला तयार करण्याचा खर्च त्याच्या बापाने आधीच केलेला असतो.

येथे आपल्याच बाजूच्या एका समजुतीचा समाचार घेणे भाग आहे. पुरोगामी मंडळींमध्ये असे मानण्याची प्रवृत्ती आहे की लाल माती पवित्र आणि पिंजरा राक्षसी. मातीचे रक्षण करा, पिंजऱ्यावर बंदी घाला, की प्रश्न मिटला. मातीचे हे सोवळे वास्तवाला धरून नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात एकाच महाराष्ट्र केसरी किताबासाठी दोन गटांनी दोन स्पर्धा भरविल्या. फुलगावला सिकंदर शेख केसरी झाले, धाराशिवला शिवराज राक्षे. मल्ल एक गदा मिळवायला घाम गाळीत होते आणि पुढारी गदा कोणाच्या शिक्क्याची ह्यावर भांडत होते. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरच्या स्पर्धेत पृथ्वीराज मोहोळ विजयी झाले. परंतु लोकांच्या लक्षात राहिले ते राक्षे यांनी पंचाला मारलेली लाथ आणि अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड यांनी निर्णयाला हरकत घेऊन सोडलेले मैदान. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. पंचावर हात टाकणे वा पाय उगारणे ह्याचे समर्थन कोणी करू नये. तरी एका निर्णयावर ज्याची नोकरी, इनाम आणि दहा वर्षे टांगलेली असतात, त्याला दाद मागण्याची विश्वासार्ह जागा असावी, एवढे म्हणण्यास हरकत नाही. दिल्लीत जे घडले ते तर ह्याहून गंभीर. लैंगिक छळाची तक्रार घेऊन कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांविरुद्ध बसलेल्या ऑलिंपिक पदकविजेत्या मल्लांना २८ मे २०२३ रोजी पोलिसांनी रस्त्यावरून उचलून नेले. तो पिंजरा नव्हता, ती आपली राष्ट्रीय कुस्ती होती. मातीत मालक नसतो हा समज जितक्या लवकर सोडावा तितके बरे.

राहिला बंदीचा प्रश्न. अमेरिकेत १९९३ मध्ये डेन्व्हर येथे यूएफसीची पहिली रात्र भरली तेव्हा वजनाचे गट नव्हते. सिनेटर जॉन मॅकेन यांनी ह्या प्रकाराला मानवी कोंबडझुंज म्हटले आणि अनेक राज्यांनी दारे बंद केली. धंदा मेला नाही. जेथे देखरेख नव्हती अशा ठिकाणी तो सरकला आणि २००० नंतर न्यू जर्सीच्या नियामक मंडळाच्या पुढाकाराने वजनगट, फेऱ्या, हातमोजे, वैद्य आणि निषिद्ध प्रहारांची यादी ठरली. आज जो काही संयम त्या पिंजऱ्यात दिसतो तो ह्या नियमांमुळे आहे, बंदीमुळे नाही. उलट जेथे नियम नसतो तेथे काय होते हे आयर्लंडने एप्रिल २०१६ मध्ये पाहिले. डब्लिनमधील एका रात्री लढलेला पोर्तुगालचा अठ्ठावीस वर्षांचा जोआओ कार्व्हालो डोक्याच्या इजेने दोन दिवसांत मरण पावला; त्या देशात ह्या खेळावर देखरेख करणारी सरकारमान्य यंत्रणाच नव्हती. भारतालाही दूर जावयास नको. जुलै २०२२ मध्ये बंगळूरु येथे किकबॉक्सिंगच्या राज्य स्पर्धेत ठोसा लागून कोसळलेला एक तरुण शुद्धीवर न येताच गेला. त्यानंतर गुन्हा दाखल झाला. लढण्याआधी त्याच्यासाठी काय केले गेले पाहिजे होते, ते सांगणारा कायदा मात्र कोठे नव्हता आणि आजही नाही.

महाराष्ट्रातील कायद्याची एक गंमत येथे नोंदविण्यासारखी आहे. बैलगाडा शर्यतींसाठी २०१७ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला, नियम केले, आणि १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ही व्यवस्था वैध ठरविली. आता शर्यत भरवावयाची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, अनामत भरावी लागते आणि बैल धावण्यास योग्य आहे असा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. हे सारे योग्यच आहे; बैलाला बोलता येत नाही. परंतु तिकीट लावून माणसांची झुंज भरविणाऱ्याला आधी अनामत ठेव, डोक्याची तपासणी करून घे, रुग्णवाहिका उभी कर, असे बजावणारा स्वतंत्र कायदा ह्या राज्यात नाही. २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासनाचा कायदा केला, त्याचा रोख मान्यताप्राप्त क्रीडासंघटनांच्या कारभारावर आहे. खाजगी कंपनीच्या पिंजऱ्यातील माणूस त्याच्या नजरेच्या टप्प्यात येत नाही. खेळखाते म्हणते हा धंदा आहे. कामगारखाते म्हणेल हा खेळ आहे. दोन खात्यांच्या बांधावर माणूस पडून राहतो.

शिरपूरकरांना ह्यातील फरक समजावून सांगावा लागू नये. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी वाघाडीजवळच्या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला आणि बाराहून अधिक माणसे मेली. त्या दिवशी तालुक्याने जे पाहिले ते विसरता येण्याजोगे नाही. परंतु तेथे कारखाना अधिनियमाचे नाव घेता आले, निरीक्षकाला जाब विचारता आला, नुकसानभरपाई हा हक्क म्हणून मागता आला. हे हक्क कोणी दान दिलेले नव्हते. कामगारांच्या पिढ्यांनी ते मिळविले होते. पिंजऱ्यातल्या लढवय्याच्या वारसाने कोणाच्या दारात जावे?

‘ह्याला निश्चित मालक नाही, रोज वेगळ्याच्या पिंजऱ्यात लढणाऱ्याला कामगार कसे म्हणावे?’ अशी कायदेपंडितांची शंका असते. ही शंका महाराष्ट्रात पूर्वी एकदा ऐकलेली आहे. बाजार समितीच्या आवारात पाठीवर पोते घेणाऱ्या हमालाबद्दल अगदी हेच बोलले जात होते. आज ह्या आडत्याकडे, उद्या त्या, मजुरी पोत्यावर, नोकरीचा कागद नाही, पाठ मोडली तर घरी. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत आणि बाबा आढावांनी पुण्याच्या हमाल पंचायतीतून हा माणूस संघटित केला, आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. त्याची कल्पना साधी होती. हमाल व मालक दोघांचीही मंडळाकडे नोंद. मालकाने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरायची. मंडळाने मजुरी हमालाच्या हाती द्यायची, आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, बोनस, उपदान, औषधोपचार. मालक अनेक असले तरी जबाबदारी एक करता येते, हे ह्या राज्याने पन्नास वर्षांपूर्वी दाखवून दिले. ते भांडवलदारांच्या कोणत्याही परिषदेत सुचलेले नव्हते.

लढणाऱ्यांसाठी असेच मंडळ होऊ शकते. त्यात पिंजऱ्यातले आणि मातीतले दोघेही यावेत. तिकिटावर, प्रक्षेपणाच्या उत्पन्नावर आणि जाहिरातींवर लेव्ही बसवावी. झुंजीच्या आधी मेहनतान्याची पूर्ण रक्कम मंडळात जमा व्हावी, म्हणजे हरलेल्याची अर्धी मजुरी कापण्याचा प्रकार थांबेल; जिंकणाऱ्याला इनाम द्यायचे असेल तर ते वेगळे द्यावे. बेशुद्ध पडलेल्या माणसाला ठरावीक मुदतीपर्यंत पुन्हा उतरविण्यास मनाई असावी. अशी मुदत परदेशातील नियामक मंडळे घालतात. परंतु शांघायचे उदाहरण सांगते की एका देशाचे मंडळ सोडून दुसऱ्या देशात गेले की ती किती पातळ होते. वजन उतरविण्याच्या अघोरी प्रकारांवर, पाणी तोडून घाम काढण्यावर वैद्यकीय देखरेख हवी. विनेश फोगट यांना ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला शंभर ग्रॅमसाठी अपात्र ठरविले गेले तेव्हा साऱ्या देशाने हळहळ व्यक्त केली. त्या आदल्या रात्री एका शरीराला काय सोसावे लागले ह्याची चर्चा मात्र दोन दिवसांत विरली. ह्या मागण्यांना क्रांतिकारक म्हणता येणार नाही. कोणत्याही कामगारपुढाऱ्याने सहज लिहून काढावी अशी ही यादी आहे. ती अजून लिहिली गेली नाही, कारण मल्लाला आपण कामगार म्हणून पाहिलेच नाही. त्याला वीर म्हटले, फेटा बांधला, मिरवणूक काढली आणि घरी पाठविले.

ह्यासाठी मुंबईच्या विधानभवनाकडे डोळे लावून बसण्याचे कारण नाही. तालुक्यातील कार्यकर्त्यांना गावच्या यात्रेतील दंगलीपासून सुरुवात करता येईल. दंगलीच्या जाहिरातीवर देणगीदारांचे आणि पुढाऱ्यांचे फोटो छापले जातात, कधी कधी मल्लांहून मोठे. त्याच जाहिरातीवर प्रत्येक जोडीच्या इनामाची रक्कम, हरणाऱ्याला मिळणारे मानधन, आणि मल्लांच्या अपघातविम्याचा क्रमांक छापावा असा आग्रह यात्रा समितीकडे धरता येईल. मैदानाजवळ रुग्णवाहिका व डॉक्टर आल्याखेरीज हलगीवर टिपरू पडू देऊ नये. इनाम रोख हातात देताना पुढाऱ्याबरोबर फोटो निघतो, तो खुशाल निघो; परंतु हरलेल्याचे मानधन त्याच संध्याकाळी, त्याच व्यासपीठावरून, सर्वांसमक्ष मोजून दिले जावे. हे करण्यास कायदा लागत नाही. समितीच्या बैठकीत, वर्गणीचा हिशेब मांडला जातो त्या वेळी, दोनचार माणसांनी उठून हे मागावे लागते.